रुमालापासून प्रबंधापर्यंत : भारत इतिहास संशोधक मंडळ आणि अभ्यासकांची घडण

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी एक अट घातली. मंडळाने किती खंड छापले, कोण कोण अध्यक्ष झाले, कोणते पाहुणे येऊन गेले याचा पाढा नको. विद्यापीठात इतिहासाचा प्रबंध लिहायला निघालेल्या मुलामुलींना या संस्थेने काय शिकवले, तेवढे लिहा. अट मला आवडली. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालचा, वडनेर भोलजीचा. आमच्या भागातली पोरे पुण्याला जातात ती नोकरीसाठी, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी. जुने कागद वाचायला म्हणून नांदुऱ्याला गाडी धरणारा एखादाच. पण तो एखादा सदाशिव पेठेतल्या या वास्तूत चार दिवस बसून आला की त्याच्या लिहिण्यात फरक पडतो, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे. तो फरक कशाने पडतो, हे सांगायचे तर संस्थेचा इतिहासच सांगावा लागतो.

प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी हल्ली कार्यशाळा होतात. उद्घाटन, बीजभाषण, चहा, चार सत्रे, प्रमाणपत्र. मंडळातही अशी सत्रे झाली असतील. पण मंडळाचे खरे शिक्षण वेळापत्रकात बसणारे कधीच नव्हते. कागद पुढ्यात ठेवायचा आणि वाच म्हणायचे, ही तिथली पद्धत.

१९१० ते १९२० : वाड्यातली बैठक

७ जुलै १९१० रोजी पुण्यात मंडळाची स्थापना झाली. पुढाकार इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा आणि त्यांना साथ सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांची. सुरुवातीची बिऱ्हाडे मेहेंदळ्यांच्याच वाड्यात होती. पैसा नव्हता, कपाटे नव्हती, पगारी माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती. होती ती राजवाड्यांची बारा वर्षांची पायपीट. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला होता आणि त्यानंतर ते गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरत होते.

त्या वेळचे चित्र नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ पासून होते. पण ते मुख्यतः परीक्षा घेणारे. मराठ्यांच्या इतिहासावर मूळ कागदांतून प्रबंध लिहायचा आणि तो शिकवणाऱ्याने तपासायचा, ही सोय तिथे नव्हती. सरकारी पेशवे दफ्तर सामान्य अभ्यासकाला सहज उघडत नव्हते. खासगी दप्तरे माळ्यावर, देवघरात, बळदात पडलेली. वाळवी एकीकडून खायची, वाणी दुसरीकडून पुड्या बांधायचा. कागद दाखवला तर इनाम जाईल, भाऊबंदकीत नवा दावा उभा राहील, या भीतीने घरमालक दाराबाहेरूनच वाटेला लावायचे. अशा वेळी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एकेक घराणे वळवले. कुणी तोंडओळखीच्या बळावर, कुणी नुसत्या चिकाटीने. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज इतिवृत्तांच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात सापडतात. मंडळातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आज हाताळणाऱ्याने ती पाने एकदा तरी चाळावीत.

प्रशिक्षणाची पहिली कल्पना या दशकातच रुजली. राजवाड्यांनी आपल्या खंडांच्या प्रस्तावनांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा ठासली होती : अस्सल समकालीन पत्र आणि शंभर वर्षांनी लिहिलेली बखर यांचे वजन सारखे नाही. पहिल्याच खंडात पानिपतच्या काळातली पत्रे समोर ठेवून त्यांनी बखरकारांची झडती घेतली होती. आज हे कुणीही परीक्षेत लिहील. तेव्हा ते खळबळजनक होते.

मंडळाच्या सभांमध्ये हाच दंडक लागू झाला. सभेत येणाऱ्याने नुसते व्याख्यान द्यायचे नाही. कागद आणायचा, वाचून दाखवायचा, तो कुठे मिळाला ते सांगायचे, आणि मग समोरच्यांनी त्यावर तुटून पडायचे. ‘लिखाण छान आहे’ असे म्हणून सोडून देण्याची सवय तिथे नव्हती. पुढे पाक्षिक सभा म्हणून ही प्रथा स्थिरावली. आज विद्यापीठांत प्रबंधाची तोंडी परीक्षा होते. तिच्यापेक्षा कडक परीक्षा या बैठकांत, कुठल्याही पदवीच्या आशेशिवाय, लोकांनी हौसेने दिली. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शकवार घटनांची यादी, उजेडात आणली ती याच वर्तुळात, आणि तिच्यातल्या नोंदीवरून शिवजन्माच्या तिथीचा वाद पेटला. त्याकडे पुढे येऊ.

राजवाडे पुढे मंडळापासून दूर झाले आणि धुळ्याला गेले. त्यामागची कारणे त्या काळच्या पत्रव्यवहारात ज्याला हवी त्याला सापडतील. स्मरणिकेत त्यांचे काम नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले आणि खानदेशाला स्वतःचे ठिकाण मिळाले. आम्हा घाटाखालच्या लोकांना पुण्यापेक्षा धुळे जवळचे, हा त्यातला अनपेक्षित लाभ.

१९२० ते १९३० : त्रैमासिक, जंत्री आणि शिवभारत

या दशकाला मी सर्वांत जास्त जागा देतो, कारण अभ्यासकाची हत्यारे याच दहा वर्षांत तयार झाली.

१९२० पासून मंडळाचे त्रैमासिक निघू लागले. प्रबंध लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्रैमासिकाचा उपयोग असा की अर्धवट, लहान, पण पक्के असे काही छापायला जागा मिळाली. एका शिलालेखाचे वाचन, एका महजराची नक्कल, दुसऱ्याच्या लेखातली चूक दाखवणारे दीड पान. नवशिक्याने आधी दीड पान लिहावे आणि मग दीडशे, हा क्रम मला अजूनही योग्य वाटतो. आमचे बरेचसे विद्यार्थी उलट दिशेने जातात. आधी तीनशे पानांचा प्रबंध, आणि मग पदोन्नतीसाठी त्याचे तुकडे.

१९२३ साली गणेश सखाराम खरे यांची शिवकालीन शकावली मंडळाने काढली. अभ्यासकांच्या तोंडी ती ‘खरे जंत्री’. शक, हिजरी, सुहूर, फसली, राज्याभिषेक शक आणि इंग्रजी तारीख यांचा मेळ घालणारे हे पुस्तक नसते तर सतराव्या शतकावर काम करणाऱ्याचे अर्धे आयुष्य आकडेमोडीत गेले असते. इथे एक सूचना. मराठी इतिहासलेखनात तीन खरे आहेत : ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’वाले वासुदेवशास्त्री, जंत्रीवाले गणेश सखाराम, आणि पुढे ज्यांच्याविषयी सांगायचे आहे ते गणेश हरी. प्रबंधाच्या तळटीपेत नुसते ‘खरे’ लिहून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षक विचारतो, कोणते खरे? तेव्हा त्याची फजिती होते.

दत्तात्रय विष्णु आपटे आणि सदाशिव महादेव दिवेकर या जोडीने १९२५ मध्ये ‘शिवचरित्रप्रदीप’ सिद्ध केला. दिवेकरांना तंजावरला कवींद्र परमानंदाचे संस्कृत ‘शिवभारत’ सापडले; ते १९२७ मध्ये मंडळातर्फे मराठी भाषांतरासह प्रसिद्ध झाले. शिवचरित्रसाहित्याचे खंड याच सुमारास सुरू झाले. १९२८ मध्ये वा. सी. बेंद्रे यांची ‘साधन-चिकित्सा’ आली. साधने कशी पारखावीत यावर मराठीत एवढे भरघोस लिहिणारे पुस्तक तोवर नव्हते. कलकत्त्याच्या सुरेंद्रनाथ सेनांनी मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये मराठी साधने वाचून लिहिला होता. म्हणजे विद्यापीठीय जग या कागदांकडे वळू लागले होते, आणि वाट दाखवणारी माणसे विद्यापीठाबाहेर होती.

आमच्या बाजूलाही काम चालू होते, हे पुण्याच्या स्मरणिकेत नोंदवायला हवे. बुलढाण्याचे यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ मधला. यवतमाळला यशवंत खुशाल देशपांडे महानुभावांच्या पोथ्या आणि जुनी दप्तरे जमवत होते. वऱ्हाडावर प्रबंध लिहिणाऱ्याने या दोघांपासून सुरुवात केली नाही तर तो इंग्रजी गॅझेटियरांच्या दावणीला बांधला जातो.

१९३० ते १९४० : रौप्यमहोत्सव

या काळातले मंडळ म्हणजे दत्तो वामन पोतदार. दीर्घकाळ चिटणीस राहिलेल्या पोतदारांनी स्वतः लिहिले त्यापेक्षा इतरांकडून लिहवून घेतले जास्त. नवा मुलगा दिसला की त्याला काहीतरी काम चिकटवायचे, वर्गणीदार दिसला की त्याच्या खिशात हात घालायचा, आणि पाहुणा दिसला की त्याला दप्तरखाना दाखवायचा. संस्था अशा माणसांवर चालतात.

१९३५ मध्ये मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पुण्यात अखिल भारतीय पातळीवरची इतिहास परिषद भरली. अध्यक्ष होते अलाहाबादचे डॉ. शफाअत अहमद खान. आज जी ‘इंडियन हिस्टरी काँग्रेस’ म्हणून ओळखली जाते तिचे हे पहिले अधिवेशन. देशभरचे इतिहासाचे प्राध्यापक दरवर्षी एकत्र जमू लागले त्याची सुरुवात एका मराठी, बिनसरकारी संस्थेच्या अंगणातून झाली, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

याच दशकात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत सरकारने छापले. त्या निवडीवरून आणि एकूणच साधने कुणी, कशी हाताळावीत यावरून पुणेकर अभ्यासक आणि इतर यांच्यात मतभेद झाले. दोन्ही बाजूंनी शाई बरीच सांडली. आता दोन्ही बाजूंचे खंड एकाच फळीवर शेजारी उभे आहेत आणि विद्यार्थी दोन्हींतून उतारे घेतो.

गणेश हरी खरे मंडळात रुजू झाले ते या दशकाच्या तोंडाशी. मोडी आणि संस्कृत तर येतच होते. फारसी त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची अर्धी बाजू त्या भाषेत आहे म्हणून आत्मसात केली. ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ आणि ‘दक्षिणेच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने’ या त्यांच्या माला आजही पहिल्या हाताशी लागतात. १९३९ मध्ये त्यांनी ‘मूर्तिविज्ञान’ लिहिले. एकच माणूस नाणे, मूर्ती, ताम्रपट, फर्मान आणि मोडी चिठी यांवर अधिकाराने बोलतो, हे दृश्य आता दुर्मिळ झाले आहे.

१९४० ते १९६० : विद्यापीठ आले, मोडी गेली

ही दोन दशके मी एकत्र घेतो. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले. पुण्यात राहून इतिहासात पीएच. डी. करता येऊ लागली. मंडळातले हौशी संशोधक आणि विद्यापीठातले पगारी प्राध्यापक यांचा एकमेकांकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुरुवातीला थोडा तिरपा होता. तो कागदांच्या गरजेने सरळ झाला. पोतदार स्वतः १९६१ ते १९६४ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते.

उलट बाजूने एक नुकसान होत होते, ते तेव्हा फार कुणाला जाणवले नाही. शाळांतून मोडी उठली. आमच्या आजोबांच्या पिढीला सावकाराचा हिशेब, सातबाऱ्याआधीची जुनी खतावणी, लग्नाची याद सगळे मोडीत वाचता यायचे. त्यांच्या नातवाला इतिहासात एम. ए. होऊनही घरच्याच पेटीतला कागद वाचता येईना. १९१० मध्ये मंडळाला कागद मिळवण्याची चिंता होती. आता वाचणारे मिळवण्याची पाळी आली.

गणेश हरी खऱ्यांचे ‘संशोधकाचा मित्र’ याच टप्प्यावरचे. कालगणना, लिप्या, मापे अशी पदोपदी अडवणारी माहिती त्यांनी नवख्यासाठी एकत्र केली. आजच्या संशोधनपद्धतीच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांत गृहीतक म्हणजे काय, नमुनानिवड कशी करावी, हे सारे असते. पण ‘सु॥ सन’, म्हणजे सुहूर सन, पुढे दिसला तर काय करायचे ते नसते. ते इथे मिळते.

१९६० ते १९८० : कागद पुढ्यात ठेवून

मंडळाचे शिकवणे नेमके कसे असते, ते या काळाच्या निमित्ताने सांगतो. कारण मोडीचे वर्ग, दप्तरखान्यात बसून घेतलेले धडे आणि खऱ्यांसारख्यांचे मार्गदर्शन यांवर पोसलेली विद्यापीठीय अभ्यासकांची मोठी पिढी याच काळातली. बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे कथनकारही उमेदीच्या वर्षांत इथेच कागद हाताळायला शिकले. पुणे विद्यापीठात इतिहास विभाग सांभाळणारे अ. रा. कुलकर्णी यांचा ‘महाराष्ट्र इन द एज ऑफ शिवाजी’ १९६९ चा; राजकारणाच्या पलीकडे गाव, वतने, शेतसारा, बलुते यांचा इतिहास कागदांतून कसा उभा करायचा याचा तो धडा ठरला.

रुमाल सोडला की आत घड्या घातलेले लांबट कागद. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ मारून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरे लटकवत जातो. शब्द कुठे संपला ते तो सांगत नाही. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम हे लवकर कळते. ‘ता॥’ म्हणजे कधी तर्फ, कधी तागायत, ते संदर्भावरूनच ठरते. पहिले काही दिवस विद्यार्थी अक्षरे लावतो; वाचत नाही. मग एके दिवशी मायना ओळखीचा वाटू लागतो. समोरच्याला ‘राजश्रिया विराजित’ लिहिले आहे की ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’, यावरून लिहिणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दर्जा कळतो. वर शिक्का, शेवटी मोर्तब. मोर्तब असेल आणि शिक्का नसेल, किंवा कागद एका काळचा आणि वळण दुसऱ्या काळचे, तर शंका घ्यायची. वतनाच्या भांडणासाठी बनावट कागद करणारे कारागीर आपल्याकडे काही कमी नव्हते.

मग तारीख. समजा पत्राच्या शेवटी ‘छ ७ रबिलावल, सु॥ सन सबा खमसैन मया व अलफ’ असे आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातला दिवस. सबा सात, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार; म्हणजे सुहूर सन ११५७. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. कोणता आकडा मिळवायचा? हा सन मृगाला, मे महिन्याच्या अखेरीस, सुरू होतो. तिथून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढे ६००. रबिलावल त्या साली नोव्हेंबर-डिसेंबरात पडतो. म्हणून पत्र १७५६ सालच्या अखेरचे. हीच आकडेमोड ‘छ’ पुढचा महिना न बघता केली तर वर्ष चुकते, आणि वर्ष चुकले की लढाईआधीचे पत्र लढाईनंतरचे ठरते. प्रबंधाचे एक आख्खे प्रकरण अशा एका वर्षाच्या चुकीवर कोसळू शकते.

शिवजन्मतिथीचा वाद याच शिस्तीचा सर्वांत मोठा नमुना. बखरींच्या परंपरेत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. आता विद्यार्थ्याला सांगायचे : वार आधी तपास. शके १५५१ ची ती तिथी इंग्रजी जुन्या पंचांगाने १९ फेब्रुवारी १६३० येते आणि त्या दिवशी शुक्रवारच होता. वार जुळला म्हणजे सगळे सिद्ध झाले असे नाही. पण न जुळता तर शकावलीची पत तिथेच घसरली असती. मग दुसरे स्वतंत्र साधन शोधायचे. शिवभारतात तोच शक, तोच मास. मग तिसरे, राजस्थानात मिळालेली कुंडली. साधने एकमेकांवरून उतरवलेली नाहीत ना, हे पाहायचे. १९६६ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीत पोतदार, खरे, बेंद्रे अशी जाणती मंडळी होती. तिथेही एकमत झाले नाही. त्यातून कुणाची सरशी झाली हे सांगण्यात मला रस नाही. पुढे सरकारने १९ फेब्रुवारी मान्य केली. विद्यार्थ्याने मात्र एवढे टिपून ठेवावे की ही १९ तारीख जुलियन पंचांगाची आहे. आजच्या ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३० येतो. प्रबंधात एका पानावर जुने पंचांग आणि दुसऱ्या पानावर नवे वापरणारे आजही भेटतात.

या साऱ्यात ग्रंथपाल, लेखनिक, रुमाल काढून देणारे आणि पुन्हा बांधून जागेवर ठेवणारे सेवक यांचा वाटा मोठा. कोणता कागद कुठल्या रुमालात असेल हे सूचीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असायचे. किती प्रबंधांच्या ऋणनिर्देशात त्यांचा उल्लेख ‘मंडळाचे कर्मचारी’ एवढाच येतो!

१९८० ते २००० : वऱ्हाडातून येणारा विद्यार्थी

१९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ झाले. तोवर आमची महाविद्यालये नागपूरला जोडलेली होती. विद्यापीठ जवळ आले तशी जिल्ह्याजिल्ह्यातून पीएच. डी. करणाऱ्यांची संख्या वाढली, आणि गावाकडच्या विषयांवर प्रबंध येऊ लागले. ही चांगली गोष्ट होती. अडचण साधनांची.

समजा आमच्या नांदुरा-मलकापूर पट्ट्याचे अठरावे शतक घेतले. हा मुलूख निजामाचा. पण नागपूरकर भोसल्यांचा अंमलही त्यावर चालायचा, म्हणून दोअमली. १८०३ मध्ये अडगावच्या लढाईनंतर भोसल्यांचा हक्क संपला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. १९०२ मध्ये ते कायमच्या भाडेपट्ट्याने गेले. तेव्हा कागद एका ठिकाणी असणारच नाहीत. मोगलकालीन फारसी कागद हैदराबादच्या पुरालेखागारात लाखांच्या घरात, इंग्रजी अमदानीचे नागपुरात, पेशव्यांकडचे पुण्यात, आणि उरलेले गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांच्या घरी. बुलढाणा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर निघाले १९१० मध्ये, मंडळाच्याच जन्मसाली. आमचे विद्यार्थी ते उघडतात आणि पुढे जातच नाहीत.

इंग्रजी गॅझेटियरांत एक गोष्ट येते : १७६१ च्या सुमारास राघोबादादांच्या फौजेने लुटू नये म्हणून मलकापूरने साठ हजार रुपये दिले. कित्येक प्रबंधांत हे वाक्य जसेच्या तसे उतरले आहे. मंडळाच्या शिस्तीत वाढलेला अभ्यासक इथे थांबतो. गॅझेटियर लिहिणाऱ्याला हे कुणी सांगितले? त्या साली दादांची फौज या वाटेने गेली का? रक्कम रोख दिली की हुंडीने? रुपया कोणता? पैसे कुणी भरले : पेठेने, परगण्याने की अंमलदाराने? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळतीलच असे नाही. पण प्रश्न पडला तर विद्यार्थी रोजकीर्दी, घडणी असे जमाखर्चाचे कागद पाहायला लागतो, आणि ज्या दिवशी तो पाहायला लागतो त्या दिवसापासून त्याचा प्रबंध त्याचा स्वतःचा होतो. साखरखेर्ड्याजवळ १७२४ च्या ऑक्टोबरात निजामाने मुबारिझखानाला हरवले, ती लढाईही अशीच. आमच्या जिल्ह्यातली, हिंदुस्थानच्या राजकारणाला वळण देणारी. तिच्यावर मराठी, फारसी दोन्ही बाजूंनी वाचता येणारा माणूस मात्र जिल्ह्यात शोधावा लागतो.

१९८५ मध्ये गणेश हरी खरे गेले आणि मंडळाचे एक युग संपले. पण दप्तरखाना ओस पडला नाही. गजानन भास्कर मेहेंदळे यांचा ‘श्री राजा शिवछत्रपती’ १९९६ मध्ये आला. विद्यापीठात कुठल्याही अध्यासनावर नसलेल्या माणसाने, फारसीपासून इंग्रजी वखारींच्या पत्रांपर्यंत साधने पालथी घालून, प्रत्येक विधानामागे तळटीप उभी करून लिहिलेला हा ग्रंथ मी प्रबंधाच्या विद्यार्थ्यांना तळटिपांसाठी वाचायला देतो. मजकूर नंतर वाचा म्हणतो.

२००० पासून पुढे

२००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच. डी.ला अभ्यासक्रम सक्तीचा केला. संशोधनपद्धती हा विषय प्रत्येकाला आला, ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर प्रबंध चढू लागले, वाङ्मयचौर्य तपासणारे सॉफ्टवेअर आले. याने उचलेगिरीला थोडा आळा बसला, हे मान्य. पण सॉफ्टवेअर सांगते की वाक्य दुसऱ्याचे आहे. वाक्य खोटे आहे हे सांगत नाही. मलकापूरच्या साठ हजारांचे वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिले की यंत्राच्या चाळणीतून सुखरूप पार होते.

२०१० मध्ये मंडळाने शताब्दी पूर्ण केली. आज संग्रहात पंधरा लाखांच्या घरात कागद आहेत, हजारो हस्तलिखिते, जुनी चित्रे, नाणी, ताम्रपट. मोडीचे वर्ग चालतात. त्यांना येणाऱ्यांत इतिहासाचे विद्यार्थी असतात तसे वकील, निवृत्त बँक कर्मचारी, आणि घरच्या पेटीतले कागद वाचायची इच्छा असलेल्या गृहिणीही. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयानेही ठिकठिकाणी मोडीचे वर्ग घेतले. आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणी असा वर्ग लागला तर जुन्या जमिनींच्या कज्ज्यांमुळे तो भरतो. त्यांतले दोघे-चौघे इतिहासाकडे वळले तरी पुष्कळ.

फारसीचे तसे नाही. मोडी शिकायला महाराष्ट्रातल्या माणसाला घरचे कारण असते, फारसीला नसते. वऱ्हाडावर काम करायचे तर अचलपूरच्या इमादशाहीपासून निजामापर्यंत चारशे वर्षांची दफ्तरी भाषा ती आहे, आणि ती येत नसेल तर विद्यार्थी भाषांतरांवर अवलंबून राहतो, ती भाषांतरे बहुधा इंग्रजांनी केलेली. मंडळात खऱ्यांनी आणि मंडळाबाहेर सेतुमाधवराव पगडी यांनी जे मराठीत आणले त्यावर आपली तीन पिढ्यांची गुजराण झाली. तो साठा वाढवणारे हात थोडे आहेत.

मार्गदर्शकांना मी एक सुचवतो. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने आराखडा सादर करण्याआधी, नंतर नव्हे, मार्गदर्शकाचे पत्र घेऊन पुण्याला जावे आणि एक रुमाल पूर्ण वाचावा, मग तो त्याच्या विषयाचा नसला तरी चालेल. नक्कल हाताने करावी, तारीख स्वतः काढावी, आणि ते दीड पान पाक्षिक सभेला बसणाऱ्या कुणा जाणत्यासमोर ठेवावे. ज्याला त्या दीड पानावर बोलणे सोसवेल त्याने विषय नोंदवावा.